हेड उतरवण्याआधी: जुन्या गाडीच्या मोठ्या बिलाचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, वय १३ वर्षं, धाव १,६०,००० किमी. महिन्याभरापूर्वी एकदा तापमानाचा काटा लाल रेषेपर्यंत गेला. तेव्हापासून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर आठवड्याला थोडं कमी होतं, पण खाली कुठे ओल दिसत नाही. गॅरेजने पाच कामं लिहून दिली आहेत: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील करणारी पट्टी) आणि हेडचं काम, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा पट्टा), क्लच, पुढचं सस्पेन्शन, एसी कॉम्प्रेसर. बेरीज गाडीच्या आजच्या किमतीच्या साधारण ६० टक्के. गेल्याच वर्षी चारही टायर, बॅटरी आणि अल्टरनेटर बदललेत. ‘एवढं एकदा केलंत की पाच वर्षं बॉनेट उघडायला नको,’ असं गॅरेजवाले म्हणतात. दुरुस्त करू की विकून टाकू?

मी सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. अशा प्रश्नावर माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं: अजून काहीच ठरवू नका. तुमच्या हातात खर्चाचा अंदाज आहे, निदान त्यात कुठेच नाही. ‘कूलंट कमी होतंय’ हे लक्षण तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी कागदावर ‘हेड गॅस्केट’ लिहिलं. ते गॅस्केटच गेलंय हे कशावरून कळलं, ही मधली पायरी गाळलेली आहे. ती भरली जात नाही तोवर दुरुस्ती की विक्री यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः ही चूक केली आहे. गाडी गरम होते, पाणी पिते, बाहेर गळत नाही. मी छातीठोकपणे हेड उतरवलं. गॅस्केट शाबूत, हेड सरळ. दोष निघाला रेडिएटरच्या झाकणात. झाकणातली स्प्रिंग सैल झाली होती, दाब धरत नव्हती, त्यामुळे गरम झालेलं कूलंट वाफ होऊन निघून जायचं आणि खाली थेंब पडण्याआधीच वाळायचं. मजुरी मी माझ्या खिशातून भरली. तेव्हापासून हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी तीन चाचण्या झाल्याच पाहिजेत, हा माझा दंडक आहे.

ते झाकण म्हणजे नुसतं बूच नसतं. कूलिंग सिस्टिम बंद असते आणि चालू इंजिनात तिच्यात साधारण १ बारपर्यंत जादा दाब तयार होतो. दाब वाढला की उकळायचं तापमान वाढतं. साधं पाणीसुद्धा एवढ्या दाबाखाली १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट त्याहूनही वर. झाकण ढिलं पडलं की हा सगळा फायदा गेला. काम करणारं इंजिन ९० ते १०० अंशांच्या आसपास असतंच, तेव्हा जराशी चढण किंवा रहदारीतला थांबा उकळी आणायला पुरतो. म्हणून गाडीतला सगळ्यात स्वस्त भाग आधी तपासायचा.

आता त्या तीन चाचण्या. पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनात रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडाला हातपंप लावायचा, झाकणावर छापलेला असतो तेवढा दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली आला तर कूलंट कुठूनतरी निघतंय. बाहेर दिसलं तर उत्तमच: होजपाइपचा क्लिप, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची कड. बाहेर नाही दिसलं तर पुढच्या सीटपाशी, पाय ठेवायच्या जागी, गालिच्याखाली हात घालून बघा. ओलसर, चिकट लागलं आणि गाडीत गोडसर वास येत असेल तर हीटरची जाळी फुटली आहे. तिचं काम किचकट असतं, डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पण ते इंजिनाचं काम नव्हे.

दुसरी चाचणी जळालेल्या वायूची. निळं द्रव असलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि चालू इंजिनातून वर येणारी हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने ते निळं द्रव पेट्रोल गाडीत पिवळं पडतं. सामान अगदी स्वल्प, वेळ अर्धा तास. ही चाचणी न करता हेड गॅस्केटचा निकाल देणारा माणूस एकतर फार अनुभवी असतो किंवा फार घाईत.

तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, आणि शक्य असेल तर लीक-डाउन. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरंच खाली असेल, तर त्या दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असण्याची शक्यता दाट. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचाही संशय घ्यावा लागतो आणि मग खर्चाचं गणित वेगळं होतं. लीक-डाउनमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरतात. ती रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते, सायलेन्सरमधून फुसफुसते की ऑइल भरायच्या तोंडातून येते, यावरून बिघाडाची जागा कळते. ही चाचणी मला मनापासून आवडते, कारण तिथे गाडी स्वतःच्या तोंडाने बोलते.

लोक ज्या खुणांवरून घाबरतात त्यातल्या निम्म्या कच्च्या असतात. थंड सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं स्वाभाविक आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा, गोड वासाचा धूर येत राहिला तर काळजी करा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली तर आधी स्वतःला विचारा, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते का? इंजिन पुरतं तापत नसेल तर आतला दमटपणा तिथे साठतो. तीच मलई डिपस्टिकवर, म्हणजे खालच्या ऑइलमध्ये दिसली तर मात्र गाडी चालू करू नका. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगांना वंगण देत नाही आणि मग हेडचं काम पूर्ण इंजिनापर्यंत जातं.

गाडी नेमकी कधी गरम होते हेही गॅरेजवाल्याला सांगा. उभ्या गाडीत, सिग्नलला गरम होते आणि वेग घेतला की काटा खाली येतो, तर पंखा, त्याची मोटर किंवा रिले बघायचा. उलट वेगात किंवा चढावर गरम होत असेल तर तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा पाती झिजलेला पंप. एवढ्या एका वाक्याने आमचा तासभर वाचतो, पण गिऱ्हाईक बहुतेक वेळा ‘गाडी गरम होते, बघा’ एवढंच म्हणून चावी ठेवून जातं.

समजा चाचण्यांनी हेड गॅस्केटवर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा फक्त गॅस्केट बदलून देणाऱ्यापासून दूर राहा. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते. मर्यादेबाहेर तापलं की ते वाकतं आणि थंड झाल्यावर पूर्ण सरळ होत नाही. अशा हेडवर नवं गॅस्केट टाकलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून हेड उतरल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजायचा. पुष्कळ इंजिनांत चालणारी मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. त्यापुढे गेलं असेल तर मशीनवर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं. पण फेसिंगलाही हद्द असते, हेडची जाडी कंपनीने दिलेल्या किमान मापाखाली गेली तर ते हेड बाद. शिवाय दाब देऊन तडा आहे का ते तपासायचं. आणि हेडचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, कारण घट्ट करताना ते मुद्दाम ताणले जातात. जुनेच बोल्ट पुन्हा बसवून केलेली बचत ही त्या अख्ख्या कामातली सगळ्यात महाग बचत ठरते.

आता तुमच्या कागदावरची गाठ सोडवू. पाच कामं एका ओळीत लिहिली की ती एकच मोठं काम वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध सारखा नाही. हेड उतरवायचं तर टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. मग बेल्ट, त्याचे टेन्शनर, बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कॅमचं ऑइल सील हे त्याच वेळी करणं शहाणपणाचं, कारण मजुरी जवळपास तीच आणि वाढतो तो फक्त सामानाचा खर्च. टायमिंग बेल्टची मुदत गाडीगणिक बदलते, कुठे ६०,००० किमी, कुठे त्याच्या दुप्पटीहून जास्त. आणि किलोमीटर भरले नाहीत तरी रबर वयाने म्हातारं होतं. बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. तुमच्याकडे बेल्ट बदलल्याची नोंद नसेल तर हेडचं काम निघो न निघो, बेल्ट पहिल्या यादीत घ्या. तुमच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर मात्र हा आकडा कागदावर आलाच कसा, ते विचारा.

क्लचचा हेडशी काही संबंध नाही. तो गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि त्याची मजुरी स्वतंत्रच लागते. आज करा नाहीतर सहा महिन्यांनी, मजुरीत बचत नाही. आधी बघा तो खरंच संपलाय का. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये गाडी मध्यम वेगात न्या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम झपकन वर गेले आणि गाडी मागेच राहिली, तर प्लेट घसरते आहे. नुसतं पेडल जड झालं असेल तर केबलही दोषी असू शकते, आणि पेडल खाली बसत असेल तर हायड्रॉलिक सिलिंडर. गिअरबॉक्स खाली आलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला आणि क्रँकच्या मागचं ऑइल सील नजरेखालून घाला. फ्लायव्हील दुहेरी वजनाचं असेल तर त्याचा खर्च आधीच विचारून ठेवा, नाहीतर ऐन वेळी धक्का बसतो.

‘पुढचं सस्पेन्शन’ हा शब्द मला आवडत नाही. त्यात सगळं येतं आणि काहीच कळत नाही. खडखड बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा एखाद्या बुशची असते, म्हणजे यादीतल्या सगळ्यात लहान भागांची. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि तुमच्यासमोर पहारीने एकेक सांधा हलवून दाखवायला सांगा. बॉल जॉइंट ढिला असेल तर तो आजच्या आज. तो निखळला तर चाक आडवं पडतं. शॉक अब्सॉर्बर ऑइल गाळत असतील तर डावा-उजवा जोडीने बदलायचे आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करायचं, नाहीतर गेल्या वर्षीचे नवे टायर आतल्या कडेने झिजतील.

एसी सोडून द्या. म्हणजे कायमचा नव्हे, पण या यादीतून. फक्त कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग घरघरत नाही ना एवढं बघा, कारण ती पुली जाम झाली तर पट्टा तुटतो आणि त्याच पट्ट्यावर अल्टरनेटरही असू शकतो.

अशा कोणत्याही यादीकडे मी ज्या क्रमाने बघतो तो असा. जे बिघडल्यावर माणूस मरू शकतो ते आधी: ब्रेक, स्टिअरिंग, बॉल जॉइंट, टायर. मग जे आज लहान आहे पण सोडून दिलं तर मोठा भाग खाऊन टाकतं: कूलंट, ऑइलचा दाब, टायमिंग बेल्ट, मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं). मग वाटेत अडकवणारं. बाकी सोय आणि हौस. तुमच्या पाचपैकी दुसऱ्या वर्गात दोन नक्की बसतात, सस्पेन्शन कुठल्या वर्गात ते लिफ्टवर कळेल, क्लच तिसऱ्या वर्गात आणि एसी शेवटच्या. साठ टक्क्यांचं बिल पंचवीस-तीसवर येऊ शकतं, आणि गॅरेजवाल्याने फसवलं असं त्यात म्हणायचं नाही. त्याने दिसलं ते सगळं लिहिलं. निवड करणं त्याचं काम नव्हतं.

मिसिंगबद्दल एक सांगतो, तुमच्या यादीत नसलं तरी. जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी०४२० असा कोड दाखवतो आणि कोणीतरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतं. त्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात, म्हणून तो महाग. माझ्याकडे एक गाडी आली होती जिच्यात दीड वर्षात दोन कन्व्हर्टर बसवले होते आणि दिवा तिसऱ्यांदा लागला होता. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत होती. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळायचं आणि आतली जाळी वितळायची. कोड कुठल्या व्यवस्थेत गडबड आहे ते सांगतो, कुठला भाग बदलायचा ते सांगत नाही. ‘कोड आला म्हणून बदलला’ हे ऐकलं की समजावं, पुढचं बिल येतंय.

निदान झालं, यादी सुटी झाली, आता पैशांचं. बिलाची तुलना गाडीच्या किमतीशी करायची सवय सगळ्यांना असते आणि ‘निम्म्याच्या वर गेलं तर विका’ असा एक ठोकताळाही फिरतो. तो फारसा कामाचा नाही, कारण गाडी विकली तरी तुम्हाला गाडी लागणारच आहे. चालू स्थितीत तुमच्या गाडीची किंमत १०० धरा. गरम होणारी गाडी आहे तशी विकली तर समजा ४० येतील. ६०चं पूर्ण बिल भरलं तर सोडून दिलेले ४० आणि घातलेले ६० मिळून १०० झाले. म्हणजे १०० मध्ये तुम्ही तुमचीच गाडी विकत घेतलीत. त्याच १०० मध्ये बाजारात दुसरी काय मिळेल? जवळजवळ हीच गाडी, एवढ्याच वयाची, फक्त तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक नाही. तिचा बेल्ट कधी बदलला, ती कधी तापली होती का, विकणाऱ्याने ती का काढली, काहीच माहीत नाही. वर तिला टायर, बॅटरी, सगळी ऑइलं बदलावी लागली तर तो खर्च वेगळा. आणि बिल ३०वर आलं असेल तर तुमची गाडी तुम्हाला ७० मध्ये पडली.

नव्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे दुरुस्ती जवळजवळ नसते, पण किंमत घसरते, आणि ती घसरण बिलासारखी हातात येत नाही म्हणून टोचत नाही. पहिल्या तीन वर्षांत नवी गाडी जेवढी किंमत गमावते, ती बहुतेकदा अशा एका मोठ्या दुरुस्तीहून बरीच जास्त असते. कर्जाचं व्याज आणि वाढलेला विमा धरा, मग बघा. माझा नव्या गाडीला विरोध नाही. ‘जुनी गाडी फार खर्च काढते’ हे कारण मात्र हिशेबात क्वचित टिकतं.

गेल्या वर्षीच्या टायर-बॅटरीचा मुद्दा तुम्ही काढलात. तो पैसा गेला. ‘एवढं घातलंय तर आता सोडायची कशी’ असा विचार करू नका, त्या वाटेला गेलेले लोक मी भंगाराच्या दारापर्यंत जाताना पाहिलेत. पण ते टायर आणि ती बॅटरी अजून गाडीवर आहेत, आणि पुढची काही वर्षं तो खर्च तुम्हाला नाही. तेवढंच धरा, पुढे येणाऱ्या खर्चातून वजा म्हणून.

या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या कागदावर नाही: पत्रा. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, वायरिंगसुद्धा बदलता येतं. सांगाडा सडला की संपलं. आजच्या बहुतेक कारमध्ये वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. हेडचं काम करायला होकार देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या आणि दरवाजाखालच्या पट्ट्या, तळ, सस्पेन्शनचे वरचे मनोरे, सबफ्रेमचे जोड, सीटबेल्ट जिथे बसतो त्या जागा बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर थांबा. रंगाखाली एक लहान फुगवटा दिसतो तेव्हा आतून तो बऱ्याचदा तळहाताएवढा झालेला असतो, कारण अशा जागी गंज आतून बाहेर येतो. ब्रेकच्या धातूच्या नळ्याही त्याच वेळी बघून घ्या. दरवाजाचा किंवा मडगार्डचा गंज दिसायला वाईट, पण तो डेंटिंगवाल्याचा विषय. मनोऱ्याला किंवा जोडांना लागलेला गंज असेल तर मी गिऱ्हाइकाला हेडचं काम करू देत नाही, स्वतःचं काम गेलं तरी.

पत्र्याखेरीज आणखी काही वेळा मी ‘विका’ म्हणतो. गाडी कधी पुरात उभी राहिलेली असेल आणि कनेक्टर हिरवे पडू लागले असतील. ऑइलचा दाब गरम इंजिनात खाली जात असेल आणि तळातून ठोके येत असतील. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाशी धातूचा कीस सापडला असेल. किंवा गाडीत तुमची लहान मुलं रोज बसत असतील आणि तिच्यात एअरबॅग किंवा घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था नसेल. ती कमतरता कुठल्याही दुरुस्तीने भरून निघत नाही, आणि गाडी बदलायचं इतकं प्रामाणिक कारण दुसरं नाही.

‘पाच वर्षं बॉनेट उघडायला नको’ याबद्दल: असं कोणीच सांगू शकत नाही. तेराव्या वर्षी रबर, प्लास्टिक, सेन्सर हे वयानेच जात राहतात. एक मोठं काम झालं म्हणजे बाकीचे भाग तरुण होत नाहीत. उलट सहा-आठ महिन्यांत काहीतरी लहानसं निघेलच असं धरून चाला आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम गाडीच्या नावाने बाजूला टाका. साठत गेली तर गाडी ठेवणं परवडतंय. वर्षभर ती सतत शून्यावर येत राहिली तर तुमचा निर्णय तुमच्यासमोर आकड्यातच उभा राहील, कोणाला विचारायची गरज नाही.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा पहिल्याचं निदान सांगू नका. आम्हीही माणसंच, ‘हेड गॅस्केट’ कानावर पडलं की तिथूनच बघायला लागतो. फक्त लक्षणं सांगा आणि चाचणीचे पैसे द्या. फुकट तपासणीत कोणी पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसत नाही. काम देताना सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, सामान कुठल्या कंपनीचं ते विचारा, ठरलेल्या आकड्यावर काही निघालं तर आधी फोन करा असं बजावा आणि काढलेले भाग परत मागा. परत मागणार हे आधीच सांगितलं की हातातलं काम आपोआप नीट होतं.

सामानात काटकसर कुठे करायची? आरसे, दिवे, दरवाजे, काचा, सीट, चाकांच्या रिम हे भंगारातल्या चांगल्या गाडीवरून घ्यायला हरकत नाही. अल्टरनेटर, स्टार्टर दुरुस्त करून घेतलेले चालतात. ब्रेकचे भाग, टायमिंगचा संच, क्लच, होजपाइप, हेड गॅस्केट यात वापरलेलं किंवा बिननावाचं काही बसवू नका. आणि गळती थांबवणारी पूड रेडिएटरमध्ये टाकायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. ती भेगेत बसते तशी रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि पुढे काम करणाऱ्याला सगळं धुवत बसावं लागतं. तीच पूड टाकून गाडी विकायची असा विचार असेल तर तोही करू नका. गरम होते असं सांगून कमी पैशांत विका.

तर तुमचा क्रम: गाडी चालवणं आजपासून बंद, किंवा अगदीच नाइलाज असेल तर कूलंट भरून जवळच्या जवळ, नजर काट्यावर ठेवून. काटा चढला की लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गरम झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. आधी लिफ्टवर पत्रा आणि बॉल जॉइंट, मग झाकण, मग त्या तीन चाचण्या. पत्रा चांगला आणि गॅस्केटच गेलं असेल तर हेड, बेल्ट, पंप आणि सस्पेन्शनमधला जो सांधा खरोखर हलत असेल तेवढाच करा. क्लच घसरेपर्यंत चालवा. एसी पुढच्या उन्हाळ्याआधी बघू.

आणि हेडचं काम झाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी खाली येईल, आत अडकलेली हवा निघते म्हणून. तेवढं भरा. त्यानंतर रेघ हलली तर गाडी त्याच दिवशी परत न्या, महिन्याभराने नाही.